बारा कात्र्या

माझं तोंड वाईट आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको. चामराजपेटेत आमच्या गल्लीत विचारा, वासंतीअक्का कोण, तर भाजीवालासुद्धा हसून म्हणेल, ती होय, देवाचे कपडे शिवणारी, ओरडणारी. सत्तावन्न वर्षांची झाले मी. घसा बसतो, डॉक्टर गरम पाणी प्या म्हणतात, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

देवाचे कपडे म्हणजे खरोखरच देवाचे. मूर्तींची वस्त्रं, उत्सवाचे पोशाख, गाभाऱ्याचे पडदे. आमच्या चार पिढ्या बेंगळूरमध्ये हेच करत आल्या. वस्त्रालय माझ्या वडिलांचं, नरसिंहरावांचं. त्यांना आम्ही घरचेच काय, अख्खी गल्लीच अण्णा म्हणते. वय त्र्याऐंशी. दत्ताचे भक्त. पूर्वी दर गुरुवारी जेलमध्ये भजन करायला जायचे, तिथे कैदी शिलाई मशीनवर बसून गणवेश शिवताना बघायचे. बाहेर आल्यावर या माणसांना कुणी सुईदोरा हातात देत नाही, हे त्यांना कळलं, आणि एका दत्तजयंतीला गाणगापूरला जाऊन त्यांनी शब्द दिला, की यापुढे आपल्याकडे देवाचे कपडे जेलमधून आलेली माणसंच शिवतील.

अण्णांनी देवाला शब्द दिला आणि राबायला मला दिलं. अकरा वर्षं झाली. अण्णा सकाळी पोथी वाचतात, दुपारी खुर्चीत बसून डुलक्या घेतात, आणि आल्यागेल्याला सांगतात, दत्तमहाराज सगळं चालवतात. दत्तमहाराजांनी एकदा तरी येऊन इलेक्ट्रिकवाल्याशी भांडावं, असं माझ्या फार मनात आहे. मी दमलेय हो. खोटं कशाला बोलू? सकाळी उठताना गुडघे आधी बोलतात, मग मी.

आमच्याकडे सहा कारागीर आणि बारा कात्र्या. प्रत्येकाला दोन. एक कापडाची आणि एक जरीची, कारण जरीवर चालवली की कात्रीची धार मरते, मग तिनं रेशीम कापायला गेलं की त्याच्या दशा निघतात. भिंतीवर एक फळी आहे. तिच्यावर बारा खिळे, प्रत्येक खिळ्याखाली कात्रीचा आकार पांढऱ्या रंगात काढलेला आणि कारागिराचं नाव. संध्याकाळी साडेचारला कात्र्या परत लागतात, मोजल्या जातात, आणि मी म्हणते, "सरी." सरी म्हणजे कन्नडमध्ये ठीक. इथे दुकानात, रिक्षात, घरात सगळे दिवसभर सरी सरी करत असतात. पण आमच्याकडे तो शब्द झाला की माणसं चपला घालतात, त्याआधी नाही.

ही पद्धत मीच लावली. दोन वर्षांपूर्वी एक कात्री हरवली, गल्लीत बोभाटा झाला, खुन्यांच्या हातात कात्र्या देता म्हणून शेजारी दारात येऊन उभे राहिले, पोलीस आले. कात्री निघाली गाठोड्यात, कापडाच्या घडीत. त्या दिवशी माझं डोकं फिरलं होतं. मी सगळ्यांना उभं केलं आणि म्हटलं, "यापुढे एक जरी कात्री कमी भरली तर कुणी उंबऱ्याबाहेर पाय टाकायचा नाही. आणि कारणं सांगायची नाहीत मला. चुकलं की 'चूक माझी' म्हणायचं आणि गप्प बसायचं." सगळ्यांनी माना डोलावल्या. कुणालाच त्यात नवल वाटलं नाही. जेलमध्येही असंच असतं, हे मला नंतर रत्नाकरने सांगितलं. रत्नाकर आमचा सगळ्यात जुना कारागीर, सुटून नऊ वर्षं झालेला. तो म्हणाला, "अक्का, तिथला जमादार तुमच्यापेक्षा हळू बोलायचा." मी हसले होते तेव्हा.

परसू आमच्याकडे आला तो मार्चमध्ये. सुटून नव्हे, पॅरोलवर. नव्वद दिवसांची रजा. खानापूरकडचा, मराठीच. बांधाच्या भांडणात चुलतभावाच्या डोक्यात विळा घातला, सोळा वर्षं आत. जेलच्या शिवणघरात शिकला आणि हात असा बसला, की अण्णांच्या तरुणपणीसुद्धा असा काठ मी बघितला नव्हता. त्याच्या रजेचा जामीन अण्णा झाले. अट एवढीच, की दर सोमवारी संध्याकाळी पाचच्या आत पोलीस ठाण्यात जाऊन रजिस्टरमध्ये सही करायची.

आणि या वेळी साध्या रजेची गोष्ट नव्हती. चांगल्या वर्तणुकीच्या कैद्यांची एक यादी वर जाणार होती, कायमच्या सुटकेची, आणि तीत परसूचं नाव होतं. रजा सरळ पार पडली की झालं. त्याची मुलगी सोनम आनेकलला कारखान्यात कामाला आहे. तो आत गेला तेव्हा ती तीन वर्षांची होती. रजेवर आल्या आल्या त्याने तिला फोन केला होता, येऊ का म्हणून. ती म्हणाली, "सुट्टीवर येऊ नका. सुटून या." एवढंच बोलून तिने फोन ठेवला. हे तो मला सांगत होता तेव्हा हातातला शेला शिवतच होता, टाका वाकडा गेला नाही. मी म्हटलं, "बरोबर बोलली पोरगी. दर वेळी येणार आणि परत जाणार, तिने किती वेळा रडायचं?" तो म्हणाला, "व्हय अक्का. म्हणून तर."

नऊ सोमवार त्याने सही केली. पावणेपाचला ठाण्यात. कात्र्या लागल्या, मी सरी म्हटलं, की निघायचा. ठाणं चालत दहा मिनिटांवर.

दहाव्या सोमवारचं सांगते.

आदल्या शनिवारी परसू माझ्याकडे येऊन म्हणाला होता, "अक्का, जरीची कात्री चालंना झालीय बघा." मी नेहमीप्रमाणे खेकसले, "मग मी काय करू, दातांनी कापून देऊ?" तो हसला आणि गेला. पण माझ्या मनात राहिलं. इतका चांगला काठ लावतो हा, आणि बोथट कात्रीने जरी ओढून ओढून त्याच्या अंगठ्याला घट्टे पडलेत. सोमवारी मला एचएसआर लेआउटला जायचं होतं. तिथल्या एका मोठ्या सोसायटीत देऊळ बांधलंय, त्यांना पोशाख पोचवायचे होते. म्हटलं, जाताना मार्केटजवळच्या धारवाल्याकडून कात्रीला धार लावून आणू. माणसं मागे जेवत होती. मी फळीवरून परसूची जरीची कात्री काढली, वर्तमानपत्रात गुंडाळली, पिशवीत टाकली आणि रिक्षा आली म्हणून निघाले. कुणाला सांगितलं नाही. आयुष्यात एकदा कुणावर न ओरडता काही चांगलं करायला गेले, ते असं.

धार लावून झाली. एचएसआरला पोचले. तिथली माणसं भली, पण उत्साही. पोशाख मूर्तीला चढवूनच जा म्हणाली. मग आरती, मग प्रसाद, मग त्यांचा फोटो. फोन मी आवाज बंद करून पिशवीत ठेवला होता. पाचला दहा कमी असताना सहज बाहेर काढला, तर वस्त्रालयाचा नंबर चमकत होता. मला वाटलं अण्णा असतील. गोळी कुठली घ्यायची, चष्मा कुठे ठेवला, यासाठी ते दिवसातून सहा फोन करतात. आणि मी, खरं सांगते, त्या एसीच्या हवेत खुर्चीवर बसले होते, हातात शिऱ्याचा द्रोण होता, आणि मनात म्हटलं, पाच मिनिटं तरी जगू द्या हो मला. फोन पिशवीत परत टाकला.

दिसत असून उचलला नाही. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, आज सांगतेय.

सिल्क बोर्डच्या सिग्नलवर गाड्यांचं नेहमीचं रामायण. घरी पोचले तेव्हा पावणेसात झाले होते. वस्त्रालयाचे दिवे चालू. मला नवल वाटलं. आत गेले तर सहाच्या सहा माणसं तिथेच. कापडाची गाठोडी उलगडलेली, मशीनची टेबलं सरकवलेली, चिंध्यांची पोती जमिनीवर उपडी केलेली. अण्णा खुर्चीत ताठ बसून जप करत होते. आणि परसू फळीसमोर उभा होता, रिकाम्या खिळ्याकडे तोंड करून.

"अक्का, अकराच भरतात," तो म्हणाला. "माझी जरीची मिळंना झालीय. दोन तास शोधूलालोय."

मी पिशवीत हात घातला. वर्तमानपत्राची गुंडाळी हाताला लागली. गुंडाळी मी टेबलावर ठेवली. रत्नाकरने कागद उलगडला आणि कात्री खिळ्याला लावली.

"आज सोमवार ना रे?" मी विचारलं. मूर्ख प्रश्न. "सही?"

परसूने नाही म्हणून मान हलवली.

मग मी ओरडले. दुसरं येतं काय मला? "अरे गाढवा, कात्री गेली खड्ड्यात! जायचं नाही का? अण्णा, तुम्ही तरी सांगायचं!"

"मी दोनदा जा म्हटलं त्याला," अण्णा म्हणाले. "ऐकेना. मग मी महाराजांवर सोडलं."

रत्नाकर म्हणाला, "मीही म्हटलं अक्का, तू जा, आम्ही शोधतो. तुम्हाला फोन पण लावला मी."

परसू खालमानेने बोलत होता. "कात्री माझ्या नावाची हाय अक्का. ती गायब आणि मी पण गायब, तर लोकं काय समजतील? खुनी माणूस कात्री घेऊन पळाला म्हणतील. अण्णांचं नाव जाईल. आणि तुम्ही सांगितलं होतं, एक कमी भरली तर उंबरा ओलांडायचा नाही. सरी म्हटलं नव्हतंसा तुम्ही."

माझंच वाक्य होतं, शब्दाला शब्द.

त्याला घेऊन तशीच ठाण्यात गेले. वाटभर मी त्याला पढवत होते. म्हटलं, "तू एक अक्षर बोलू नकोस. मी सांगते. म्हणते, मी चक्कर येऊन पडले, तू मला दवाखान्यात नेलंस. माझ्या तोंडाकडे बघून कुणालाही खरं वाटेल." तो हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. मी खोटं बोलायला निघाले होते, दत्तभक्ताची लेक. पण मला तेव्हा दत्ताचं काही वाटत नव्हतं. मला आनेकलची ती पोरगी दिसत होती, जिला मी कधी बघितलेलीही नव्हती.

ठाण्यात एक हवालदार होता, शिवकुमार. माणूस वाईट नव्हता. अण्णांना ओळखत होता, दर दत्तजयंतीला प्रसाद न्यायचा. त्याने रजिस्टर काढलं, घड्याळ बघितलं, जीभ टाळ्याला लावून च्च केलं. पेन उघडलं आणि माझ्याकडे नव्हे, परसूकडे बघत कन्नडमध्ये विचारलं, "उशीर का झाला?"

मी तोंड उघडलं. पण खाकी कपड्यातला माणूस प्रश्न विचारतो आणि परसू सरळ उभा राहतो, हात मांडीला चिकटतात, हे सोळा वर्षांचं वळण. माझ्या आधी तो बोलून मोकळा झाला.

"चूक माझी," तो म्हणाला.

शिवकुमारने ते लिहिलं. उशिरा हजर, कैद्याने चूक कबूल केली, वेळ सात पाच.

"अहो थांबा, थांबा!" मी टेबलावर हात आपटला. "चूक माझी आहे! कात्री माझ्या पिशवीत होती! काय लिहिताय तुम्ही?" सगळं सांगितलं मग, खरं तेच, फळी, खिळे, धारवाला, एचएसआर, सगळं. दवाखान्याचं काही सुचलंच नाही. शिवकुमारने शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाला, "अक्का, तुमचं खरं असेल. पण रजिस्टरमध्ये लिहिलेलं मला खोडता येत नाही. आणि पावणेपाचपासून पावणेसातपर्यंत हा माणूस एक कात्री शोधत होता, हे मी साहेबांना कुठल्या तोंडाने सांगू?"

बाहेर आल्यावर मी परसूचा दंड धरला. "तुला गप्प राहा म्हटलं होतं ना मी?"

"तोंडातून निघालं अक्का," तो म्हणाला. "तुम्हीच सांगितलं होतं, कारणं द्यायची नाहीत म्हणून."

मला रस्त्यात रडू फुटलं. तो बिचारा बाजूला उभा राहून म्हणत होता, स्वल्प पाणी आणू काय अक्का.

त्यानंतर मी जे करता येईल ते केलं. जेलच्या अधिकाऱ्यांना अर्ज लिहिला, अण्णांच्या सहीने एक आणि माझ्या सहीने दोन. वकिलाकडे गेले. तो म्हणाला, रजेच्या अटीचा भंग झालाय, कारण कुणी बघत नाही. अण्णांनी गुरुचरित्राचा सप्ताह लावला. चौथ्या दिवशी त्यांनी पोथी मिटली आणि मला म्हणाले, "वासंती, मी देवाला शब्द दिला होता. तुला विचारलं नव्हतं." मी त्यांच्या अंगावर शाल घातली आणि गोळी दिली.

यादी लागली. तेवीस नावं होती. परसूचं नव्हतं. पुढची यादी पुढल्या वर्षी, निघाली तर.

मी आनेकलला गेले. दोन बस बदलून, कारखाना सुटायच्या वेळी फाटकाशी उभी राहिले. सोनम बाहेर आली. बारीक, उंच, गळ्यात ओळखपत्र. डोळे बापाचे. मी तिला म्हटलं, "पोरी, तुझे वडील सुटले असते. चूक माझी झाली."

ती म्हणाली, "ते पण असंच म्हणतात. दर वेळी." आणि बस आली म्हणून निघून गेली.

हे मी परसूला सांगितलं नाही. त्याने विचारलंही नाही.

रजेचा नव्वदावा दिवस गुरुवार आला. सहाच्या आत जेलच्या दारात हजर व्हायचं होतं, बस दीड तास घेते, म्हणून कात्र्या त्या दिवशी चारलाच लावल्या. रत्नाकर त्याच्याबरोबर जाणार होता, तो चपला घालून बाहेर उभा राहिला. परसूने हातातला दत्ताचा पितांबर पुरा केला होता. काठ लावला, दोरा तोडला, घडी करून अण्णांच्या मांडीवर ठेवली आणि त्यांच्या पाया पडला. अण्णांनी नुसता त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

मग परसूने त्याच्या दोन्ही कात्र्या फडक्याने पुसल्या. धार लावून आणलेली ती जरीची कात्री त्याने शेवटी लावली. फळीसमोर उभं राहून एकेका खिळ्यावर बोट ठेवत मोजलं.

"बारा, अक्का," तो म्हणाला.

आणि उभा राहिला. पिशवी खांद्याला, तोंड माझ्याकडे.

मला कळत होतं तो कशासाठी थांबलाय. मी म्हटलं नाही, तर हा हलणार नाही. सहा वाजून जातील, पुन्हा कुणीतरी रजिस्टर उघडेल, पुन्हा हा ताठ उभा राहून चूक माझी म्हणेल, आणि पुढल्या वर्षीची यादीही जाईल. आणि म्हटलं, की तो चपला घालून सरळ जेलात जाणार. दोन वर्षं रोज संध्याकाळी हा शब्द मी तोंडावर फेकत आले, पिशवी भरता भरता, फोनवर बोलता बोलता, कुणाकडे न बघता. त्या दिवशी तो माझ्या घशातून वर येईना. भिंतीवरचं घड्याळ चार दहा दाखवत होतं. बाहेरून रत्नाकरने खाकरून आठवण केली.

"सरी," मी म्हणाले.

परसू हलला नाही. मान थोडी पुढे करून त्याने विचारलं, "काय म्हटलासा अक्का?"

त्याला ऐकूच गेलं नव्हतं. सगळ्या गल्लीला जिचा आवाज ऐकू जातो, तिचा.

मग मी नेहमीसारखी ओरडले, "सरी म्हटलं ना! जा!"

तो गेला.